खर्चात न धरलेला फ्रिज

मी एक जुना फ्रिज आहे. उंची कमरेइतकी, रंग एके काळी पांढरा. मित्रांनो, सरकारी नियमांप्रमाणे शिक्षणासाठी माझी काहीही गरज नाही. हे मला माझ्या तोंडावर सांगण्यात आलं.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. पहिली नोकरी मिनेसोटातल्या एका तळ्याकाठी, मासेमारीचं सामान विकणाऱ्या दुकानात लागली. माझ्यात गळाला लावायची गांडुळं ठेवत. गिऱ्हाईकं दार उघडून म्हणत, "वा, काय टवटवीत आहेत!" एवढं कौतुक पुन्हा कधी माझ्या वाट्याला आलं नाही. दुकान बुडालं, मालकाने मला अंगणात विकायला मांडलं, आणि कॉरिन हाउगेनने मला घेतलं.

कॉरिनची मुलगी मारीट कॉलेजला निघाली होती. तिच्या जन्मापासून आईवडील तिच्या शिक्षणाच्या खात्यात पैसे टाकत आले होते. ते पैसे फी, पुस्तकं, खोली, जेवण, संगणक यांवर खर्च केले तर त्यांच्या वाढीवर कर लागत नाही. इतर कशावर केले तर लागतो.

"लॅपटॉप खात्यातून," कॉरिन नवऱ्याला म्हणाली. "फ्रिज नाही. फ्रिजवाचून शिकता येतं म्हणे."

"मग घेतेस कशाला?" डेलने विचारलं.

"पोरगी जेवली की नाही ते सरकार बघायला येणारे का? हा माझ्या पाकिटातून. आणि फीतले चार हजारही मी खात्याबाहेरून भरलेत. मारीट आपल्यावर अवलंबून आहे असं लिहिलं की त्यावर कराच्या वेळी अडीच हजारांची सूट मिळते. एकाच डॉलरवर दोन्हीकडून सवलत घेता येत नाही. लक्षात ठेव, डेल."

"तू आहेस ना लक्षात ठेवायला," डेल म्हणाला.

मी मारीटच्या कॉलेजातल्या खोलीत राहू लागलो. नोव्हेंबरच्या सुट्टीनंतर कॉरिनने मारीटबरोबर रानतांदळाच्या सुपाचा डबा धाडला. वर निळी पट्टी: 'गरम करून खा. आई.' तो माझ्या बर्फाच्या कप्प्यात बसला. जानेवारीत कॉरिन गेली. अचानक, दुपारी, भांडी विसळताना.

त्यानंतर मारीट रोज माझं दार उघडायची, डब्याकडे बघायची आणि दार लावायची. कप्प्यात बर्फ वाढू लागला. बर्फ माझाच होता, पण मित्रांनो, शपथेवर सांगतो, मी वाढवत नव्हतो. त्याने आधी डब्याचा तळ धरला, मग बाजू, मग एकेक अक्षर. शेवटी 'आई' एवढंच दिसत होतं. माझ्या मोटरलाही गुणगुणायची सवय लागली. तो सूर मी कॉरिनकडून एकदाच ऐकला होता, ती मला पुसत होती तेव्हा.

"तुझा फ्रिज गाणं म्हणतोय," मारीटच्या खोलीत राहणारी बियांका म्हणाली.

"त्यात आधी गांडुळं असायची."

"हां. मग त्यांची भुतं असतील."

दोघी हसल्या. मारीट आधी थांबली.

डेल फोन करणाऱ्यांतला नव्हता. तो तापमान पाठवायचा. 'उणे अकरा. टोपी.' एवढाच निरोप, रोज.

फेब्रुवारीत मारीट माझ्यावर बसून, टाचा माझ्या दारावर आपटत, फोनवर कराचा अर्ज भरत होती. कॉफीच्या दुकानातल्या पगारातून कापलेले थोडे पैसे तिला परत हवे होते. एका प्रश्नाशी टाचा थांबल्या.

"काय विचारतंय?" बियांकाने विचारलं.

"मी कुणावर अवलंबून आहे का."

"मग?"

"नाही," मारीट म्हणाली आणि तसंच दाबलं.

मार्चअखेर डेलने चक्क फोन केला. मारीटने फोन माझ्या डोक्यावर ठेवला, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"मारीट, माझा कराचा अर्ज परत आला. तू माझ्यावर अवलंबून आहेस, असं लिहिलं होतं. म्हणतात, या मुलीवर आधीच कुणीतरी हक्क सांगितलाय."

मारीट माझ्या दाराचं रबर नखाने खरवडू लागली.

"अर्ज आम्हा दोघांचा होता. तुझ्या आईच्या नावापुढे 'मयत' लिहायचं होतं, ते लिहिलं. मला वाटलं, त्याचाच राग आला तिला. तिनेच आधी भरून टाकला असेल. दर वर्षी तीच भरायची ना." तो खाकरला. "तळघरात तिच्या टेबलापाशी जाऊन बघून आलो. कुणी नव्हतं."

"बाबा, मी भरला. मी कुणावर अवलंबून नाही, असं लिहिलं."

मला ते सहन होईना. मी मोटर चालू केली. तोच सूर लागला.

"ते काय वाजतंय?" डेलने विचारलं.

"फ्रिज."

"बरं. तिकडे किती आहे?"

"दोन."

"इकडे चार," डेल म्हणाला आणि फोन ठेवला.

शनिवारी तो तीन तास गाडी चालवून आला. टोपी घालून पलंगाच्या कडेवर बसला.

"ती अडीच हजारांची सूट गेली तर जाऊ दे," तो म्हणाला. "मला फक्त विचारायचंय. खरंच तसं वाटलं तुला?"

"तुम्ही नुसतं तापमान पाठवता, बाबा."

"दुसरं काय लिहावं ते सुचत नव्हतं. पण रोज आधी तुझ्या गावचं बघायचो, मग आपलं."

मारीटने फोन काढला आणि दुरुस्तीचा अर्ज भरला. तो प्रश्न पुन्हा आला. या वेळी तिने 'हो' दाबलं आणि स्क्रीन त्याला दाखवली. डेलने चष्मा लावून ते दोनदा वाचलं. डेलला मात्र संगणकाने एकदा नाकारलेला आपला अर्ज कागदावर छापून टपालाने पाठवावा लागला. सरकारला अर्जात भूत चालतं, घाई चालत नाही.

मग त्याने माझं दार उघडलं आणि 'आई' वाचलं. माझा प्लग काढला. बियांकाचा केस वाळवायचा पंखा घेऊन बापलेक माझ्यासमोर मांडी घालून बसले. बर्फातून डबा सुटला तसं त्यांनी सूप गरम करून खाल्लं.

"मीठ कमी आहे," मारीट म्हणाली.

"नेहमीच असायचं," डेल म्हणाला. "कधी बोललो नाही."

आता मारीटचं कॉलेज संपलंय. मी डेलच्या तळघरात, कॉरिनच्या टेबलाशेजारी असतो. डेल माझ्यात गांडुळं ठेवतो, पण टवटवीत म्हणत नाही. मित्रांनो, एवढंच मागणं आहे: माझ्यासारख्यांचा बर्फ वेळच्या वेळी काढत जा. आणि कुणी विचारलं, तुम्ही कुणावर अवलंबून आहात का, तर उत्तर देण्याआधी दार नीट उघडून आत बघा.

माझा बर्फ डेल दर वसंतात काढतो. हिवाळ्यात बर्फ परत धरतो. कप्पाभर सगळीकडे धरतो, फक्त मधोमध डब्याएवढी जागा सोडून. डेल तिथे काही ठेवत नाही.