दोन पळ्या तीर्थ

दोन महिने खपून मी जे केलं होतं ते तसं मीठच, फक्त खोलीच्या साध्या तापमानालाही द्रव राहणारं. आयनिक द्रव म्हणतात त्याला. आधी क्लोराइडचा क्षार करायचा, मग क्लोराइड हुसकून तिथे ॲसिटेट बसवायचं, मग निर्वात पंपावर दोन दिवस वाळवायचं. काकवीसारखा घट्ट, उडून न जाणारा, सहसा पेट न घेणारा. मालेगावच्या यंत्रमागांवरची सुती चिंधी त्यात विरघळते आणि पुन्हा तिचा धागा काढता येतो. मात्र पाणी शिरलं की खेळ खलास.

दसऱ्यानंतर विद्यापीठाची समिती येणार होती. तिच्यासमोर चिंधी विरघळली तर माझ्या पीएचडीला सहा महिने वाढ, नाहीतर चैतालीबाई, गाशा गुंडाळा आणि चांदवडला चला. मी बाटली घट्ट बंद करून सुट्टीत घरी गेले, हाच गाढवपणा झाला.

समितीच्या दिवशी सकाळी बघते तर बाटलीच्या गळ्यात झेंडूचा हार. झाकण शेजारी पडलेलं, त्यावर कुंकू.

“खंडेनवमीला सरांनी पूजा केली ना,” लॅबच्या शिपाई कुसाबाई म्हणाल्या. “म्हणले, झाकण लावलं तर तीर्थ आत जाईल कसं? रामकुंडाचं आणलं होतं. दोन पळ्या घातल्या.”

सर म्हणजे माझे मार्गदर्शक, बावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवणारे. मी हार ओढून टेबलावर आपटला. पण ओरडणार कोणावर? माझ्या प्रबंधावर त्यांचीच सही लागते. पुन्हा वाळवायला दोन दिवस हवेत आणि समिती जिना चढत होती.

समितीत एक वाणिज्यचे, एक भूगोलाचे आणि एक झोपलेले. मी चिंधी टाकली, तापवलं, ढवळत राहिले. वीस मिनिटं झाली तरी चिंधी आपली मजेत पोहतेय. सरांनी घसा खाकरला.

“पाहिलंत? कापसाला जराही इजा नाही. पूर्ण पर्यावरणपूरक.”

“वा,” भूगोलवाले म्हणाले. “आमच्या कॉलेजातल्या रसायनांनी तर ॲप्रनला भोकं पडतात.”

मुदतवाढ तिथेच मंजूर झाली. विषयही सुधारून मिळाला: ‘सुती कापडास अपाय न करणारा द्रव: निर्मिती, गुणधर्म व उपयोग’. नव्या विषयाच्या अर्जावर सही करायला सरांनी कौतुकाने पेन पुढे केलं.

असा द्रव आमच्या हॉस्टेलच्या नळाला रोज सकाळी तासभर येतो. हे सांगायला मी तोंड उघडलं, सहा महिने आठवले आणि मिटलं. माझीच मला लाज वाटली. मी सही केली.