आंदणात दिलेला किल्ला

एक्क्याण्णवच्या जानेवारीत आखातात लढाई सुरू झाली आणि सौदीतल्या दम्मामची शाळा बंद पडली. इस्मत त्याच शाळेत इतिहास शिकवायची. आता ती घरीच आपल्या लेकीला, झोयाला, शिकवू लागली. झोया बारावीला होती. परीक्षा होणार की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सायरन वाजला की खिडक्यांना चिकटपट्ट्या लावलेल्या आतल्या खोलीत जायचं आणि थांबला की पुन्हा पुस्तक उघडायचं.

त्या दिवशी चांदबिबीचा धडा चालू होता.

"अहमदनगरच्या निजामशहानं लेक चांदबिबी विजापूरला दिली, सोबत सोलापूरचा किल्ला आंदण. विजापूरची शहजादी इकडे सून होऊन आली. मग सगळे मिळून विजयनगरवर चालून गेले."

"चांदबिबीला कुणी विचारलं होतं, अम्मी?"

"किल्ल्याचं नाव लिहून ठेवलंय. तिला विचारल्याचं कुठे वाचलं नाही मी."

झोया हसली. इस्मतला हसू आलं नाही. ती उठली, धुतलेलं पातेलं पुन्हा धुवायला लागली. चार दिवस तिचं असंच चाललं होतं.

तिचा नवरा हुसेनमियाँ आणि हारून यांचं स्पेअर पार्टचं दुकान भागीदारीत होतं. कफील, म्हणजे त्यांना जामीन असलेला अरब मालक, हारूनच्या ओळखीचा; त्यामुळे हुसेनमियाँचा इकामा, तिथे राहायचा परवानाही हारूनच्या शब्दावर. आता हारून बिऱ्हाड घेऊन लढाईपासून लांब, जिद्दाला निघाला होता. जाण्याआधी आपल्या मुलाचा, शारीकचा, झोयाशी निकाह लावायचा, मग दोन्ही घरं एकच, असं त्याचं म्हणणं. हुसेनमियाँनी होकार देऊन टाकला होता. झोयाला कुणी सांगितलंच नव्हतं.

संध्याकाळी मगरिबच्या नमाजनंतर हारून घरी आला. चहा ओतेपर्यंत सायरन वाजला. चौघं आतल्या खोलीत जाऊन बसली.

"भाभी, उद्या काझीला बोलावतो," हारून म्हणाला. "परवा गाडी निघेल."

झोयानं चमकून आईकडे पाहिलं.

"हारूनभाई, झोया इथेच बसलीय. तिला विचारा," इस्मत म्हणाली.

"इस्मत, ही वेळ आहे का?" हुसेनमियाँ पुटपुटले.

"माझ्या निकाहच्या वेळीही घरचे हेच म्हणाले होते. तेव्हा आपल्या दोन घरांत वहिवाटीचा दावा चालू होता. मी सून होऊन तुमच्या घरी आले आणि दावा मागे घेतला गेला. सोळा वर्षांची होते मी."

वीस वर्षांत हे तिच्या तोंडून निघालं नव्हतं. हुसेनमियाँ काही बोलणार, तोच लांब कुठेतरी धडाका झाला आणि तावदानं थरथरली. हारूननं डोळे मिटून कलमा पुटपुटला.

झोया सरळ हारूनकडे वळली. "शारीक चांगला आहे, चाचा. पण मला नाही करायचं. मी परीक्षा देणार."

हारून फक्त आपलंच बिऱ्हाड घेऊन गेला. जाताना सलाम केला, पण घोटभर पाणीही घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी हुसेनमियाँ पहिल्यांदाच स्वतः कफीलकडे गेले. त्यानं दोन तास बाहेर बसवलं. मोडक्यातोडक्या अरबीत विनवण्या करून ते परतले तेव्हा चेहरा उतरलेला होता.

"इकाम्याला एक वर्ष मिळालं. पुढचं पुढे." त्यांनी जोडे काढले. मग म्हणाले, "आपला निकाह ठरला तेव्हा तुझ्या मनात काय होतं गं, इस्मत?"

"पळून जायचं होतं. गावच्या खाडीपलीकडे, मामाकडे. पिशवीही भरली होती."

"मग?"

"धक्क्यावर पोचले, तर होडी सुटलेली."

हुसेनमियाँ महिन्याभरात पहिल्यांदा हसले. मग त्यांचं हसू ओसरलं आणि त्यांनी तिच्यासमोरची खुर्ची ओढून घेतली. "सगळं सांग," ते म्हणाले.