पाठकोऱ्या कागदांची वही

मी कच्ची वही बोलतेय. मुरडलंत नाक? मुरडा, मला सवय आहे. पक्क्या वहीला खाकी कव्हर असतं, कव्हरवर लेबल, लेबलवर वळणदार अक्षरात नाव. माझ्यावर कोणाचंच नाव नाही. माझ्या अंगाला डांबराचा वास येतो आणि मला हात लावला की माणसं तो हात कपड्यांना पुसतात.

तरीही ही हकीकत मीच सांगणार. पक्क्या वहीकडे स्वतःचं सांगण्यासारखं काही नसतं. तिच्यात सगळं उतरवून घेतलेलं असतं.

माझा जन्म एका चुकीतून झाला. भिलाईत तेव्हा कारखाना उभा राहत होता आणि यंत्रांची खोकी परदेशातून येऊन पडत होती. खोकं उघडलं की आतल्या मालाची मोडतोड लिहून ठेवायला एक इंग्रजी फॉर्म असे. कुठल्याशा छापखान्याने त्यावर तारखेची जागा दोनदा छापली आणि सहीची जागा विसरला. सहीच नाही तर दोष कोणाच्या माथी मारायचा? एका दुपारीत ते सगळे फॉर्म रद्दी ठरले. मागची बाजू मात्र कोरी करकरीत होती. शालिकराम नावाच्या, खोकी उचलणाऱ्या एका खलाशाने बाबूंना विचारून त्यातला एक गठ्ठा डब्याच्या पिशवीतून सेक्टर सहामधल्या आपल्या क्वार्टरवर आणला.

"नलू यंदा अकरावीत हाये," तो बायकोला म्हणाला. "तिच्या कामात येईल."

त्याच्या बायकोने, मनकर्णाने, गोधडीच्या सुईत दुहेरी दोरा ओवून मला शिवलं. खोक्याच्या आत लावलेला काळा डांबरी कागद माझ्यावर चढवला, कडा दुमडल्या, चेपल्या. काम संपलं की सुई हाताशी येईल तिथे खोचायची आणि मग दोन दिवस घरभर शोधत फिरायचं, ही तिची खोड. त्या दिवशीही तिने तेच केलं.

तिला अक्षर वाचता येत नव्हतं. पण टाके असे घातले होते, की आजही माझं एक पान सुटलेलं नाही. पक्क्या वहीची टाचणी पहिल्याच पावसाळ्यात गंजली.

नलू ही त्यांची एकुलती एक मुलगी. अकरावी म्हणजे तेव्हा शाळेचं शेवटचं वर्ष. तिला भीती फक्त एका पेपरची: वरच्या पातळीच्या इंग्रजीचा, निबंध आणि सारांश लिहायचा. त्यासाठी ती अच्युत सरांच्या शिकवणीला जाई. सर रायपूरचे, तीन पिढ्यांपासूनचे. घरात ते मराठी बोलत, शिकवणीत हिंदी, आणि इंग्रजी बहुधा आरशासमोर. त्यांनी एकंदर बारा निबंध तयार ठेवले होते. ते सांगत, मुलं पक्क्या वहीत उतरवून घेत, घरी जाऊन माझ्यासारख्या वहीत घोकत. यालाच ते रचना शिकवणं म्हणत.

बारापैकी सात निबंधांत एक काका होता. तो ताजमहाल दाखवायला आग्र्याला नेई, समुद्र दाखवायला मुंबईला नेई आणि स्वभावाने फार प्रेमळ होता. सेक्टर सहामधल्या बावीस मुलामुलींना हा एकच काका. त्यांचे खरे काका भट्टीवर होते आणि त्यांनी कोणाला शेजारच्या दुर्गच्या पुढे नेलं नव्हतं.

चांदण्यातला ताजमहाल नलूने माझ्यावर एकोणीस वेळा लिहिला. मी मोजलाय. विसाव्या खेपेला मनकर्णा सूप घेऊन शेजारी तांदूळ निवडत बसली होती.

"का घोकून राहिली वो इतकं?"

"ताजमहाल, माय. आग्र्याले हाये. एका राजानं बायको मेल्यावर बांधला."

"मेल्यावर कावून? जित्तेपणी दोन खोल्या बांधून देल्या असत्या तं तिच्या कामात आल्या असत्या." तिने सूप पाखडलं. "तू कधी गेलती आग्र्याले?"

"नाई."

"मंग? पायलं नाई थे कावून लिवते?"

"सरांनं सांगतलं."

"सर गेलते?"

नलूला हसू फुटलं. सरही गेले नव्हते. मायलेकी इतक्या हसल्या, की सुपातले चार दाणे माझ्यावर सांडले. हसून झाल्यावर नलूने विसावा ताजमहाल लिहायला घेतला. माणसांचं हे असं आहे. शहाणपणाची गोष्ट ऐकतात, तिच्यावर हसतात आणि पुन्हा घोकायला बसतात.

मार्चमध्ये पेपर झाला. निबंधाचा विषय होता, 'आमच्या गावात उभी राहत असलेली एक इमारत'. परीक्षेच्या खोलीच्या खिडकीतून कारखान्याच्या चिमण्या दिसत होत्या, क्रेन दिसत होत्या, अर्धी बांधलेली घरं दिसत होती. ज्या गावात बांधकामाखेरीज दुसरं काही घडतच नव्हतं, त्या गावच्या बावीस मुलांनी मान खाली घालून ताजमहाल लिहिला. जरा हुशार होती त्यांनी सुरुवातीला एक ओळ जोडली, की आमच्या गावात सध्या ताजमहाल बांधणं चालू आहे. नलू त्या हुशारांतली.

"पेपर कोर्सच्या बाहेरचा होता," अच्युत सर म्हणाले.

मे महिन्यात मनकर्णाला कावीळ झाली. अकरा दिवस ती इस्पितळात होती. बाराव्या दिवशी शालिकराम तिच्या बांगड्या रुमालात बांधून घेऊन आला आणि फडताळावर माझ्या शेजारी ठेवल्या. मी तोंडाळ वही आहे. पण त्या दिवसाबद्दल माझ्याकडे एवढंच आहे.

जूनमध्ये निकाल लागला. बाकी विषयांत पास, इंग्रजीत नापास. बावीसपैकी पंधरा जणांचं तेच झालं होतं. त्यांच्यासाठी ऑगस्टमध्ये सप्लीमेंटरी परीक्षा होती.

निकालामागोमाग तुमसरकडच्या गावाहून शालिकरामची बहीण मैनाबाई आली. आल्याआल्या तिने चूल, पाण्याची टाकी आणि भाऊ यांचा ताबा घेतला. मला उचलून तिने वास घेतला आणि खाली टाकलं.

"माय नाई घरात, अन् पोरगी इंग्रजी घोकून राहिली! भाऊ, आमच्या गावात पोरगं हाये. चांगलं घर हाये. का कराचं तुले इंग्रजीचं? भाजीत टाकतं का?"

शालिकराम बराच वेळ बुटाची नाडी बांधत राहिला. एका बुटाला इतका वेळ लागत नाही.

"ऑगस्टात एक बार बसू दे तिले," तो शेवटी म्हणाला. "नाई जमलं तं दिवाळीत घेऊन जाय. मी मधात बोलनार नाई."

म्हणजे सगळं आता त्या एका पेपरवर आलं. नलूने माझी पानं मोजली. छत्तीस कोरी होती.

सरांनी पंधरा नापासांना पुन्हा बसवलं. या खेपेला त्यांचा अंदाज होता, 'माझी आई'. त्यांनी सांगितलं आणि पंधरा जणांनी उतरवून घेतलं: माझी आई प्रेमाचा सागर आहे, ती पहाटे उठून देवाचं गाणं गाते, ती आमच्या घराची राणी आहे. नलू समोर बसली आहे हे सरांच्या ध्यानातही आलं नसावं. निबंध पाठ असला की माणसाला समोरचं दिसत नाही.

घरी येऊन तिने मला उघडलं. "प्रेमाचा सागर" एवढं इंग्रजीत लिहिलं आणि हात थांबला. टाक कागदावर टेकलेलाच राहिला आणि शाईचा मोठा डाग पडत गेला. कागदाच्या पलीकडे किती शाई फुटली हे पाहायला तिने पान उलटलं, आणि वर्षभरात पहिल्यांदा माझी छापील बाजू वाचली.

तुम्हीही वाचली नसतीत. रद्दी कागदावर काय छापलंय हे कोण वाचतो?

काय आलं? कोणत्या अवस्थेत आलं? काय मोडलं, कुठे मोडलं? काय सापडत नाही? त्या वेळी कोण हजर होतं? आणि तळाशी जाड अक्षरात सूचना: जे स्वतः पाहिलं तेवढंच लिहावं, अंदाज लिहू नये.

ती तळची ओळ नलूने दोनदा वाचली. मग हळूच म्हणाली, "पायलं नाई थे कावून लिवते."

त्या दिवसापासून माझ्यावरचं लिखाण पालटलं. नलू फॉर्मचे प्रश्न घेई आणि त्यांची इंग्रजीत उत्तरं लिही. घरातला काठ फुटलेला माठ. रिसाली गावाच्या वाटेवरचा तुटका पूल. कारखान्याचा भोंगा आणि भोंग्यानंतर निघणाऱ्या सायकली. वाक्यं छोटी, ओबडधोबड. पण ती ज्या गोष्टीबद्दल होती ती गोष्ट त्यांत सापडत होती. मला पहिल्यांदा वाटलं, की माझ्या कागदाचं काही चीज होतंय.

अच्युत सरांना तिने त्यातला एक निबंध दाखवला.

"हा निबंध आहे?" सर म्हणाले. "हा तर स्टोअरवाल्यांचा रिपोर्ट झाला, बेटी. उपमा कुठे आहेत? सुविचार कुठे आहे?"

"सर, हे मी पायलं तसं लिवलं."

"परीक्षकाला तू काय पाहिलंस त्याच्याशी काय करायचंय? त्याला भाषा पाहिजे." त्यांनी लाल पेन्सिलीने माझं पान आडवं खोडलं. "मी सांगितलेलं लिहिशील तर जबाबदारी माझी. हे लिहिशील तर तुझी."

नलू घरी आली. शिकवणीला जात राहिली, पण पक्की वही तिने मग उघडली नाही. ती बया फडताळावर कव्हर सांभाळत बसून राहिली.

ऑगस्टमध्ये पेपरला विषय आला, 'काम करताना पाहिलेली एक व्यक्ती'. चौदा जणांनी प्रेमाचा सागर लिहिला आणि शेवटी जोडलं, की तो सागर कामही करतो. नलूने काय लिहिलं हे मला कळलं, कारण घरी आल्यावर तिने ते आठवून माझ्यावर पुन्हा उतरवलं. इंग्रजीत होतं ते. त्याचा अर्थ असा:

"वडील सांगतात, माझी आई लग्न होऊन आली तेव्हा तिच्याबरोबर पत्र्याची एक पेटी होती. तिच्या डाव्या अंगठ्यावर विळ्याचा वण होता. सकाळचा भोंगा होण्याआधी ती वडिलांचा डबा भरत असे. डब्याचं झाकण नीट बसत नसे, म्हणून ती ते लाटण्याने ठोकत असे. मी अंथरुणातून पाच ठोके ऐकत असे. मे महिन्यापासून ठोके नाहीत. वडील डबा सुतळीने बांधतात. तिची गोधडीची सुई सापडत नाही. ती गेली तेव्हा वडील हजर होते. मी नव्हते, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही."

शंभरात त्रेसष्ट गुण मिळाले. पंधरांत सगळ्यात जास्त.

"पोरगी येथंच रायते," शालिकराम बहिणीला म्हणाला. "कॉलेजात जाईन थे." मैनाबाईने दोन दिवस आदळआपट केली आणि तिसऱ्या दिवशी तुमसरची गाडी पकडली. जाताना नलूच्या हातात चिवड्याचा डबा ठेवून गेली, हे मला नाइलाजाने सांगावं लागतंय.

अच्युत सर पेढे खायला आले. "मी घडवलेली मुलगी!" ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "बेटी, तो निबंध जरा पक्क्या वहीत लिहून दे ना. आणि वही चार दिवस माझ्याकडे राहू दे."

नलूने दिला. मी असते तर दिला नसता.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी बाप-लेक सायकलवरून बाजारातून येत होते. ती कॅरियरवर, मी तिच्या पिशवीत. सरांच्या व्हरांड्यातून नव्या मुलांचा एका सुरात आवाज येत होता. नलू एकदम ताठ झाली. शालिकरामने सायकल थांबवून एक पाय जमिनीला टेकवला.

"का झालं वो? का म्हणून राहिले थे सारे?"

निबंध क्रमांक तेरा. सतरा-अठरा पोरं घोकत होती, की आमच्या आईच्या डाव्या अंगठ्यावर विळ्याचा वण होता. आमच्या आईची गोधडीची सुई सापडत नाही. त्या सगळ्यांच्या आया तेव्हा त्याच गल्लीत, आपापल्या चुलीपुढे, धडधाकट बसलेल्या होत्या. इतका मूर्खपणा मी माझ्या आयुष्यात ऐकला नव्हता. आणि मी ताजमहाल वीस वेळा सोसलेली वही आहे.

"मायचं सांगून राहिले, बाबा," नलू म्हणाली.

"कोणाच्या मायचं?"

"आपल्या."

शालिकरामला इंग्रजीतलं अक्षर कळत नव्हतं. तरी तो एका पायावर उभा राहून शेवटपर्यंत ऐकत राहिला. नलूने एकेक ओळ त्याला हळूच सांगितली. ठोक्यांची ओळ आली तेव्हा त्याने मान हलवली.

"पाच नाई. चार."

"मी रोज आयकत होती, बाबा. पाच."

"झाकनावर चारच मारे थे. पाचवा दाराच्या चौकटीवर. मले उठवाले." सायकलचं हँडल सरळ करत तो म्हणाला, "मी जागाच राहो. पन पाचवा होये वरी उठत नव्हतो."

घरी आल्यावर नलूने माझ्यातलं ते पान उघडलं, पाच खोडून चार केले आणि खाली पाचव्याचं लिहिलं. वडिलांनी पाहिलेलं, असंही नोंदवलं. पक्क्या वहीत अजून पाचच आहेत. सरांच्या व्हरांड्यातही पाचच घोकतात, दरवर्षी. बरोबर हिशेब अख्ख्या भिलाईत फक्त माझ्याकडे आहे.

नलू आता दुर्गच्या कॉलेजात जाते. मी पत्र्याच्या पेटीत, बांगड्यांच्या रुमालाखाली असते. कधीमधी झाकण उघडतं, ती मला चाळते आणि ठेवून देते. बापलेकींनी सुईसाठी फडताळ झाडलं, गोधड्या उसवल्या, तांदळाचा डबा उपडा केला. मला मात्र कोणी उलटून चाचपलं नाही. कच्च्या वहीची पाठ कोण चाचपतो?

डांबरी कागदाच्या दुमडीत, शेवटच्या टाक्याला लागून, मनकर्णाने खोचली तिथेच आहे ती सुई. दोऱ्याचं टोकही अजून ओवलेलं आहे. मी किती वेळा सांगितलं. पण तुम्हा माणसांना दुसऱ्याने सांगून ठेवलेलंच ऐकू येतं. तेव्हा नलू, एवढं एकदा माझं वाच. मला उलटी कर आणि पाठीवरून बोट फिरव. जपून फिरव. टोचेल.