लगीनसराईचा दर

सकाळी साडेनऊला स्पाचं शटर वर गेलं की पूर्णिमा पर्ससुद्धा खाली न ठेवता आधी बुकिंगचं कॅलेंडर उघडायची. गेले पंधरा दिवस हाच नेम होता. सोळा मेपर्यंत सगळे रकाने हिरवे, नावांनी भरलेले. सतरापासून पुढे सगळे पांढरे. ती पान मागे न्यायची, पुन्हा पुढे आणायची, जणू तेवढ्यात कोणी येऊन बसलं असेल. कोणी आलेलं नसायचं, आणि मग दिवसभर ती दर तासाला तेच पान उघडून बघायची.

घाबरायला तसंच कारण होतं. विश्रांतवाडीतली ही इमारत आणि तिच्यातला स्पा, दोन्ही इंद्रजीतदादांचं. आजोबांची ज्वारी जिथे डोलायची तिथे नातवाने तीन मजले चढवले, आणि पलीकडच्या तुकड्यावर लग्नाचं लॉन केलं. मार्चमध्ये दादांनी मॅनेजर म्हणून पूर्णिमाला वर ऑफिसात बोलावलं आणि म्हणाले, "मॅडम, आमचा चुलतभाऊ विक्रम जिमसाठी ही जागा मागतोय. स्पा काय चालंना. बंदच करावा म्हणतो."

पूर्णिमाने तिथल्या तिथे शब्द टाकला. सगळ्या दिवसांना एकच दर आहे, तिथेच घोडं पेंड खातंय. नवं बुकिंग सॉफ्टवेअर घेतलंय, त्यात वाराप्रमाणे आणि सीझनप्रमाणे दर लावून दाखवते, मला फक्त एक लगीनसराई द्या. दादांनी खिडकीबाहेर लॉनकडे नजर वळवली. "बरं," म्हणाले, "मे-जूनचा सीझन बघू आणि मग ठरवू."

खाली मसाज करणाऱ्या सात जणी जिन्याशी उभ्याच होत्या. त्यांना पूर्णिमा म्हणाली, "काळजी करू नका, मी आहे." बाई बोलून बसली. आता ते निभावणं तिच्याच गळ्यात आलं.

कामाला मात्र ती पदर खोचून लागली. सॉफ्टवेअर करणाऱ्यांच्या लेखी आठवड्याचे दोनच भाग, सोमवार ते शुक्रवार आणि शनिवार-रविवार. इकडचा गुरुवार त्यांच्या गावीही नव्हता. भोसरीच्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते आणि त्या दिवशी दुपारी इथे बसायला खुर्ची मिळत नाही. तिने गुरुवार उचलला आणि रविवारच्या दरात घातला. मंगळवार-बुधवारच्या सकाळी ओस पडायच्या, तिथे पंचवीस टक्के उतरवले. मग गेल्या वर्षीची वही काढून नवऱ्यामुलींची पॅकेजेस कधी सुरू झाली आणि कधी संपली ते पाहिलं आणि लगीनसराईचा सीझन टाकला. पंधरा एप्रिल ते दहा जून, तीस टक्के जास्त. गुरुवार आणि लगीनसराई एकाच दिवशी आले तर कोणता नियम वरचढ, यावर तिने तीन दुपारी घालवल्या. सीझनचा पहिला आठवडा दणक्यात गेला. तिला स्वतःचं भारी कौतुक वाटलं, आणि का वाटू नये?

मग हे पांढरे रकाने दिसायला लागले.

आधी तिने सगळा दोष सॉफ्टवेअरला दिला. मदतीच्या नंबरवर अपूर्वा नावाची एक मुलगी भेटली. "मॅम, मी दोनदा चेक केलं. रूल परफेक्ट लागलाय, सतरापासूनचे सगळे स्लॉट ओपन आहेत. फक्त बुकिंग येत नाहीये."

"तेच तर विचारतेय. का येत नाही?"

"ते सिस्टिम नाही ना सांगू शकत, मॅम."

पूर्णिमाने तीसचे पंधरा टक्के केले. तरी ढिम्म. तिला रात्री नीट झोप लागेना. सासूबाई महिनाभर कसली तरी यादी वाचून दाखवत होत्या, ती मोबाइलमध्ये डोकं घालून "हो, हो" म्हणत होती. कधी वाटे, समोर नवा स्पा उघडलाय का? कधी वाटे, कोणी आपल्याबद्दल वाईट लिहिलंय का? सात जणी तिच्या चेहऱ्याकडे बघत आणि तिने हसून दाखवलं की आपापल्या खोल्यांत जात.

सहा मेला सातांतली सगळ्यात जुनी शकू टॉवेलांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "ताई, धोंड्यात दोन दिस सुट्टी द्या मला. लेक-जावई पयल्यांदाच येणार हायेत."

"शकू, ऐन सीझनमध्ये?"

"कसला सीझन? सतराला अधिक लागतोय. धोंड्याच्या महिन्यात कोण लगीन लावतंय?"

पूर्णिमाने मोबाइलवर पंचांग उघडलं. यंदा ज्येष्ठ अधिक होता; सासूबाई वाचत होत्या ती यादी धोंड्याच्या वाणाचीच होती. सतरा मे ते पंधरा जून, अख्खा महिना एकही मुहूर्त नाही. माहेरी शनिवार पेठेत तिथी पाहिल्याशिवाय पापडसुद्धा लाटत नसत, आणि तिने लगीनसराई इंग्रजी तारखांनी मोजली होती. गुरुवार ओळखला म्हणून मिरवत होती आणि अख्खा महिना नजरेतून सुटला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सीझन गुपचूप पुसून टाकावा असं तिच्या मनात आलं, नाही असं नाही. पण ती उठली आणि जिना चढून वर गेली. झालेली चूक कबूल करायची आणि लग्नं परत सुरू होतील तेव्हापासून, सोळा जूनपासून सीझन मोजायला सांगायचं, एवढंच तिने ठरवलं होतं.

"दादा, माझी चूक झाली," ती दारातूनच म्हणाली. "मेचा सीझन मी अधिक मासावर टाकला."

"हो, धोंडा हाय ना," दादा शांतपणे म्हणाले. "आपल्या लॉनचं बुकिंग दिवाळीतच होतं. त्या महिन्यात आपण सगळी माणसं गावाला धाडतो."

लग्नाचं लॉन चालवणारा माणूस. त्याला मुहूर्त पाठ नसतील तर कोणाला असणार?

"म्हणजे मार्चमध्येच तुम्हाला माहीत होतं."

दादांनी मोबाइल उपडा केला, परत सुलटा केला. "विक्रमच्या मशिनी वीस जूनला यायच्यात. तसं ठरलंच होतं."

"मग मला हे सगळं का करू दिलंत?"

"तुम्ही इतकं जीव तोडून सांगत होता. तोंडावर नाही म्हणवंना. म्हटलं, महिना रिकामा गेला की तुमचं तुम्हालाच पटंल."

पंधरा दिवसांची उडालेली झोप, सात जणींसमोरचं ते खोटं हसू, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. तिला संताप आला, आणि त्या संतापाने आवाज उलट खाली आला.

"खाली सात जणी आहेत. काळजी करू नका असं मी त्यांना सांगून बसलेय. आता खरं काय ते तुम्ही सांगा."

"मॅडम, त्या तुमचं ऐकतात. तुम्हीच सांगितलंत तर…"

"त्यांच्याही तोंडावर सांगवत नसेल तर राहू द्या. वीस जूनला मशिनी आल्या की त्यांचं त्यांनाच पटेल, नाही का?"

दादा उठले.

खाली सगळ्या जमल्या. कोणी हातावरचं तेल पुसत, कोणी ॲप्रन नीट करत. "दादांना तुमच्याशी बोलायचंय," पूर्णिमाने सांगितलं आणि ती बाजूला झाली. महापालिकेच्या साहेबांशी तासन् तास हुज्जत घालणारे दादा दोनदा खाकरले आणि जमिनीकडे बघायला लागले.

"बोला की दादा," शकू म्हणाली.

दादांनी मान वळवून पूर्णिमाकडे पाहिलं. दर वेळी अशा जागी तीच पुढे होऊन काहीतरी गोड बोलत आली होती. तिने हाताची घडी घातली आणि ती गप्प उभी राहिली.