पाहणी होईपर्यंत

मी एक जुनी लिफ्ट आहे, मित्रांनो. बंद नाही, जुनी. एवढ्या फरकापायी काय काय घडले, ते ऐका.

कारखान्यात मला करडा रंग दिला आणि या दुमजली इमारतीत आणून बसवले. वरच्या मजल्यावर लकवा झालेल्यांसाठी व्यायामाची खोली आहे. चाकाच्या खुर्चीतली माणसे मी वर नेत असे. सुरुवातीला माझे केवढे कौतुक! पुढे दार कुरकुरू लागले, मी मधेच अडूही लागले. तरी चाकाच्या खुर्चीतून आत येताच टेलरकाका म्हणत, "काय महाराणी, आज मूड बरा आहे ना?"

लकव्याने काकांचा उजवा हात गेला होता. वरच्या खोलीतल्या व्यायाम शिकवणाऱ्या ताई त्यांच्याकडून रोज व्यायाम करून घेत. एके दिवशी काकांनी माझे बटण उजव्या हाताने दाबले.

"बघितलंस? आता सुई धरतो की नाही बघ."

"आधी चमचा धरा," त्यांची खुर्ची ढकलणाऱ्या काकू म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या.

नव्या लिफ्टच्या अनुदानासाठी संस्थेच्या प्रमुख बाईंनी अर्ज लिहायला घेतला. त्यांची खोली माझ्या वरच्या दारासमोरच. लिहिलेले बाई ताईंना मोठ्याने वाचून दाखवत.

पहिला मसुदा: लिफ्ट जुनी असून अधूनमधून अडते.

"याने कुणाला पाझर फुटणार?" ताई म्हणाल्या.

दुसरा मसुदा: लिफ्ट वारंवार बंद पडते. रुग्णांचे अतोनात हाल होतात.

तिसरा मसुदा: लिफ्ट बंद आहे.

वाक्य लहान झाले आणि त्यात मी मेले.

अर्ज गेला. नेमकी त्यानंतर मी तळमजल्यावर अडले. मेकॅनिक पिशवी घेऊन आला. "किरकोळ आहे बाई, आत्ता होईल."

"राहू दे रे," बाई म्हणाल्या. "पाहणीला येतील तेव्हा चालू दिसली तर आपण खोटे पडू. थोडेच दिवस."

मग

दार बंद.

दार बंद. बाहेरून काकांचा आवाज: "महाराणी रुसल्या वाटतं?"

दार बंद.

आवाजही बंद.

काही आठवड्यांनी पाहणीला आलेले साहेब जिन्याने वर गेले. वरची खोली रिकामी होती.

"रुग्ण कुठे आहेत?"

"लिफ्ट बंद आहे ना, साहेब. येणं सोडलं त्यांनी."

"मग मी बोलू कुणाशी? गरज कुणाची म्हणून लिहू?"

साहेब कागद मिटून निघून गेले.

त्याच दुपारी मेकॅनिकने मला दुरुस्त केले. बाई काकांच्या घरी जाऊन आल्या. ताईंबरोबर वर येताना त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"बोटं पार आखडलीत गं. काकूंनी आत बोलावलं, पाणी दिलं. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं."

"आणि काका?"

"म्हणाले, आता कशाला उगाच."

ताई म्हणाल्या, "उद्या मी येते तुमच्याबरोबर. त्यांच्या पलंगावरच सुरू करू. नको म्हणाले तर परवा परत जाऊ."

मित्रांनो, मला तेलपाणी करा, असे मी सांगणार नाही. माझे काय, सुटा भाग बदलला की मी चालते. पण दुखणे मोठे दिसावे म्हणून कुणाचा उपचार थांबवू नका. माणसाची बोटे पाहणीची वाट पाहत नाहीत.