पंचविसावी बाई

मी एक जुना पाळणा आहे, मित्रांनो; पण घरातला नव्हे, कारखान्यातला. माझा जन्म एका नियमातून झाला. जिथे पंचवीस बायका कामाला, तिथे त्यांच्या लेकरांसाठी खोली हवीच, असे ठरले. मग मोज्यांच्या कारखान्याच्या मालकाने नाक मुरडत लोहाराकडून मला घडवून घेतले.

आया भोंगा झाला की धावत यायच्या, बाळाला पाजायच्या आणि पुन्हा कामाला लागायच्या. किती लेकरे मी झोपवली, त्याला गणती नाही! पाहुणे आले की मालक आधी मलाच दाखवायचा. मी फुशारून जायचो.

मॅनेजर मात्र दर महिन्याला पेन्सिल नाचवत बायका मोजायचा. पंचवीस भरल्या की त्याचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा व्हायचा. मला तेव्हाच धास्ती वाटायला हवी होती.

माझ्यात शेवटी निजला तो गोट्या. त्याची आई मोज्यांच्या जोड्या लावायची, म्हणून सगळ्या तिला जोडीवाली म्हणत. आमची खोली सांभाळायला एक म्हातारी मावशी होती. एका दुपारी गोट्या रडून रडून निळा पडला आणि मावशी खुशाल घोरत होती. जोडीवाली तणतणत मॅनेजरलाच घेऊन आली.

"साहेब, हिला काढा! माझ्या लेकराचं काही बरंवाईट झालं असतं म्हणजे?"

"काढतो की. आत्ताच काढतो," मॅनेजर म्हणाला. इतका गोड तो कधीच बोलला नव्हता.

मावशीने पिशवी उचलली. "अगं पोरी, पंचविसावी मीच होते गं."

जोडीवालीला अर्थ उमगेपर्यंत खोलीला कुलूप लागले. चोवीस बायकांना खोली लागत नाही. नियम कुठेच मोडला नव्हता.

तिचा नवरा दूरगावी कामाला. नोकरी सोडावी तर चूल पेटेना, धरावी तर लेकरू ठेवायचे कुठे? भंगारात निघालेला मी तिच्या खोलीत आलो आणि गोट्याच्या नऊ वर्षांच्या ताईची शाळा कायमची सुटली. आई सकाळी निघते, दाराला बाहेरून कडी घालते.

"ताई, स्टोव्हला हात लावायचा नाही हं."

"नाही गं, आई."

आज दूध गार झाले होते आणि गोट्या काही केल्या राहीना. ताईने स्टोव्ह पेटवला, दूध ठेवले, आणि मला झोके देता देता तिचाच डोळा लागला. बिचारी पहाटेची उठली आहे. दूध आटून करपते आहे. शेजारच्या फडक्याचे टोक काळे पडू लागले आहे.

मित्रांनो, मला रंग नको, तेलपाणी नको. मला हाक मारता येत नाही, एवढेच माझे दुःख आहे. तुम्ही या गल्लीतून जात असाल तर थांबा. दाराला नुसती कडी आहे. काढा ती, लवकर काढा!