लुमीरची राणी

मित्रांनो, मी एक जुनी सिरिंज आहे. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात लुमीर कोवांडाच्या वाड्यावर मांसासाठी गुरं पोसतात, तिथे मी खुंटीला असते. माझी मूठ पितळेची. खटका दाबला की जंतू मारणाऱ्या औषधाचा एक डोस. दिवसाला तीनशे वासरं मी टोचायची, तेव्हा म्हातारा लुमीर मला ‘माझी राणी’ म्हणायचा आणि मी फुगून जायची.

ट्रकमधून उतरलेलं प्रत्येक वासरू, आजारी असो-नसो, लुमीर टोचायचाच. खरोखर आजारी असलेल्याला मात्र चारऐवजी दोनच दिवस औषध. कान लोंबले की आजार, कान वर आले की बरं, हे त्याचं शास्त्र.

गुरांची डॉक्टर हास त्याला बोलायची, “लुमीरकाका, धडधाकटांना देता आणि आजाऱ्यांचं अर्ध्यावर सोडता! उरलेले जंतू शहाणे होतात, मग औषधाला दाद देत नाहीत.”

“अगं, तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी वासरांचे कान वाचतोय!”

मीही मनात हसले होते. ती मिजास आठवली की आज मेल्याहून मेल्यासारखं होतं.

एका वसंतात वासरांना हगवण लागली. मी टोचत राहिले, कान लोंबतेच राहिले. लुमीरची लेक जोलीन त्यांना बाटलीने पाणी पाजायची. तीच तापाने फणफणून इस्पितळात पडली. पहिलं औषध तिला लागूच पडेना.

डॉक्टर हास वाड्यावर आली. “काका, तिच्या रक्तात आपल्या वासरांचेच जंतू निघाले. आता दुसरं औषध चालू केलंय. बघू.”

“म्हणजे मीच त्या जंतूंना शहाणं केलं?” लुमीरने विचारलं.

माझ्याकडे कोणी पाहिलंही नाही. पण टोचत होते ती मीच ना?

महिन्याने जोलीन घरी आली, काडीसारखी, कुंपणाला धरून चालत. त्याच आठवड्यात नवा ट्रक आला. सवयीने लुमीरने मला उचललं.

“बाबा, कुणाचे कान लोंबलेत?”

“एकाचेही नाहीत.”

“मग सिरिंज कशाला काढलीत?”

त्याने मला पुन्हा खुंटीला अडकवलं.

मित्रांनो, इतर जुन्या वस्तू अडगळीत पडल्या म्हणून रडतात. मी नाही रडत. आजाऱ्यासाठीच मला काढा, आणि काढलंत तर कान वर आले तरी चौथा दिवस चुकवू नका. जोलीन अजूनही फाटकापर्यंत चालली की धापा टाकत थांबते. त्या वेळी मला कोणी राणी म्हणू नये, एवढंच वाटतं.